सोमवारी अंगणात बसवून ठेवलेल्या मीटरवाल्याविषयी

माझे नाव व पत्ता वर हवालदारसाहेबांनी लिहिला आहे, तो बरोबर आहे. वय एकाहत्तर, शिक्षण चौथी. पूर्वी लाकडाच्या वखारीत राखणदार, आता घरीच. घटना सोमवारची आणि मी येतोय आज गुरुवारी, या उशिराबद्दल आधी माफी मागतो. तीन दिवस कोंडवाड्याच्या फाटकाशी होतो. समक्ष हजर राहून सांगतो ते असे.

माझ्याकडे राखणीच्या मोठ्या जातीचा कुत्रा आहे. नाव जमादार, वय सात वर्षे, वजन बासष्ट किलो. वखार बंद होईपर्यंत पाच वर्षे तो माझ्याबरोबर कामाला होता. गिऱ्हाईक आले की मी "बसा" म्हणून आत लाकूड मोजायला जायचो. मी परत येऊन त्या माणसाच्या खांद्यावर हात ठेवेपर्यंत जमादार त्याला बाकावरून उठू देत नसे. हे मीच शिकवले. त्यामुळे आमच्या घरी आल्यागेल्याला कोणी "बसा" म्हणत नाही, "टेका" म्हणतो. व्याही मंडळी यावरून अजून नावे ठेवतात.

सोमवारी सकाळी अकराच्या सुमारास पाण्याचे मीटर वाचणारा नवा माणूस आला. तोच तक्रारदार. मी न्हाणीघरात होतो, डोळ्यांत साबण गेला होता. खिडकीतून म्हणालो, "या, बसा, आलोच." तोंडातून निघून गेले. चूक माझी आहे, जमादारची नाही, हे ठळक लिहावे.

मला आंघोळीला वेळ लागतो. तेवढ्यात तक्रारदार तीनदा उठला. तिन्ही वेळा जमादारने बाही तोंडात धरून त्याला परत बाकावर बसवले. सून बाजारातून आली तेव्हा तो तिला म्हणाला, "ताई, हा कुत्रा आहे की सासरा? उठूच देत नाही!" सुनेने तिथूनच हाक मारली, "बाबा, कुणाला बसा म्हणालात का?" मी टॉवेलवरच बाहेर आलो आणि तक्रारदाराच्या खांद्यावर हात ठेवला. जमादार लगेच बाजूला झाला.

चावला का, असे विचारल्यावरून सांगतो की नाही. गुरगुरलाही नाही. शर्ट ठाण्यात जमा आहे. बाही लाळेने ओली झाली, पण एक दोरा उसवलेला नाही. म्हशीचे हाड फोडणारा जबडा आहे हा. इतक्या हलक्या हाताने माझा मुलगासुद्धा मला धरत नाही.

रागीट आहे का, तर नाही. कोणी आवाज चढवला की भिंतीकडे तोंड करून बसतो. माझी नात त्याच्या पाठीला धरून चालायला शिकली. गालाच्या घड्या मी रोज पुसतो. जेवणाचे भांडे स्टुलावर ठेवावे लागते आणि खाल्ल्यावर तासभर पळू द्यायचे नसते, नाहीतर पोटाला पीळ पडतो.

सोमवारी दुपारी त्याला कोंडवाड्यात नेले. परक्या हातचे खायचे नाही, हेही मीच शिकवले आहे. तीन दिवस तो फक्त पाणी पितोय. तिथला माणूस म्हणतो, "आजोबा, ठाण्याची चिठ्ठी आणा, मग तुम्हाला आत सोडतो." तक्रारीचा निकाल व्हायचा तेव्हा होवो, शिक्षा मला करा. पण चिठ्ठी आज द्यावी. त्याची जेवणाची वेळ पाचची आहे. मी बाहेरच्या बाकावर आहे, लवकर कळवावे.

वरील मजकूर मला मोठ्याने वाचून दाखवला. मी बोललो तसाच आहे. सही करतो, ती नीट उमटत नाही म्हणून अंगठाही देतो.