हाराचे दोन खिळे

पोलीस स्टेशन कळंब, जिल्हा उस्मानाबाद. दिनांक ११ मे १९८१.

नाव चंद्रप्रभा बाबूराव धावारे, वय २३ वर्षे, धर्म बौद्ध, शिक्षण बी.ए., काम प्रौढ शिक्षण वर्ग चालविणे, राहणार करंजवाडी, तालुका कळंब.

समक्ष विचारल्यावरून जबाब देते की, मी वरील गावी आई-वडिलांसोबत राहते. गावातल्या बायकांचा साक्षरता वर्ग मी शाळेच्या पडवीत घेते. तसबिरींच्या फ्रेम तयार करणे, जुन्या फ्रेम दुरुस्त करणे आणि त्यांना सोनेरी वर्ख लावणे हा माझा छंद आहे. तो माझा धंदा नाही. त्याबद्दल मी कोणाकडून काही घेत नाही.

उस्मानाबादला कॉलेजात असताना मी माझी आत्या पुतळाबाई हिच्याकडे राहत होते. तिच्या घराला लागून गुलाब मिस्त्री यांचे फ्रेमचे दुकान होते. कॉलेज सुटल्यावर मी तिथे बसत असे. हे काम मी त्यांच्याकडून शिकले. गावी आल्यावर पहिली फ्रेम मी आमच्या विहारातील भगवान बुद्धांच्या तसबिरीसाठी केली.

ज्यांच्या फोटोला हार घालायचा असतो, त्यांच्या फ्रेमला वरच्या दोन कोपऱ्यांत दोन बारीक खिळे मारतात. विहारातील तसबिरीला मी ते मारले आहेत. घरातल्या माणसांच्या फोटोला मात्र ते माणूस गेल्यावरच मारतात. फोटो घेऊन आलेल्या माणसाला हे तोंडावर विचारणे बरे नसते. गुलाब मिस्त्री मला सांगत, "हैं का गुजर गए, ये कभी नै पूछना बेटी. कौनसी दीवार को लगाना, इत्ता पूछना बस." गेलेल्या माणसाची भिंत घरोघर ठरलेली, दक्षिणेची असते, त्यामुळे उत्तर आपोआप मिळते. मीही तसेच विचारते.

वनमाला अंबादास टेकाळे या माझ्या वर्गाला येतात. त्यांचे पती अंबादास हे बहात्तरच्या दुष्काळात खडी फोडण्याच्या कामावर होते. ते काम बंद पडल्यावर दुसरीकडे काम बघतो असे सांगून ते गावातून गेले. गावच्या एका माणसाने त्यांना कुर्डुवाडी स्टेशनवर पाहिले. त्यानंतर त्यांची खबर नाही. मी तेव्हा शाळेत होते. अंबादास मला आठवतात. शाळेच्या वाटेवर त्यांची बैलगाडी भेटली की ते मुलींना गाडीत बसू देत. आमच्या वस्तीतल्या मुलींनाही बसू देत.

मागच्या हिवाळ्यात वनमालाबाई त्यांच्या पतीचा फोटो माझ्याकडे घेऊन आल्या. फोटो कळंबच्या स्टुडिओत काढलेला आहे. त्यांचा तेवढा एकच फोटो आहे. तो त्यांच्या सासऱ्यांच्या वेळच्या सागवानी फ्रेममध्ये बसवलेला होता. फ्रेमवर पानाफुलांची वेल होती. एक कोपरा वाळवीने खाल्ला होता, बरीच पाने गळून पडली होती आणि सोनेरी रंग काळा पडला होता. मी त्यांना विचारले, कोणत्या भिंतीला लावणार? त्या म्हणाल्या, "दाराच्या समोर. मालक आले की त्यांला दिसावं, आपली जागा हाय तशीच हाय."

म्हणून मी त्या फ्रेमला हाराचे खिळे मारले नाहीत.

वाळवीचा भाग कापून मी नवीन लाकूड जोडले. शाबूत पानांवरून मेणाचा साचा घेतला आणि खडूची भुकटी व सरस यांच्या लगद्यातून गळालेली पाने पाडून चिकटवली. सबंध फ्रेमला त्याच लगद्याचे पातळ थर दिले. वाळल्यावर ते घासून गुळगुळीत केले, त्यावर गेरू दिला आणि शेवटी वर्ख लावला. खिळे मारायचे असले तर मी ते लगद्याच्या आधी मारते, म्हणजे गेरू आणि वर्ख त्यांच्या मुळापर्यंत पोचतो. नंतर मारले तर थर तडकतो. वर्गाला येणाऱ्या बायकांनी ही फ्रेम पाहिलेली आहे. वनमालाबाई ती पदराखाली घेऊन गेल्या.

अंबादास आणि त्यांचे थोरले भाऊ तात्याराव यांची जमीन सामायिक आहे. त्या जमिनीत सोसायटीमार्फत विहीर मंजूर झाली आहे. कागदावर दोन्ही भावांच्या सह्या लागतात. अंबादास हयात नसतील तर त्यांची वारस म्हणून वनमालाबाईंची सही चालेल, असे सोसायटीत सांगितले आहे. वनमालाबाईंना सही करता येते. ती त्यांना मीच शिकवली आहे. त्या बायको म्हणून सही करायला तयार आहेत, विधवा म्हणून करायला तयार नाहीत. तसा कागद सोसायटीकडे नाही.

विहीर व्हावी असे मलाही वाटते. तिचा अर्ज तात्यारावांच्या सांगण्यावरून मीच लिहून दिलेला आहे. गावची विहीर यंदाही होळीच्या आतच आटली. तात्यारावांनी ही विहीर केवळ स्वतःच्या फायद्यासाठी मागितली, असे माझे म्हणणे नाही.

अक्षय्य तृतीयेच्या दिवशी वनमालाबाई पाझर तलावाच्या कामावर गेल्या होत्या. संध्याकाळी मी घरी असताना त्या ती फ्रेम छातीशी धरून आमच्या दारात आल्या. फ्रेमची काच फुटलेली होती. फ्रेमला वरच्या दोन्ही कोपऱ्यांत खिळे होते आणि एका खिळ्याला हाराचा दोरा अडकलेला होता. त्यांच्या मागोमाग तात्याराव आले. त्यांच्या तळहाताला काच लागून रक्त येत होते. त्यांच्या मागे तात्याराव व अंबादास यांची आई केशरबाई आल्या. त्या अंगणाच्या कडेला थांबल्या. काच कशी फुटली आणि तात्यारावांना कोणाकडून लागले, हे मी पाहिलेले नाही. फ्रेम उतरवून घेताना त्यांची आणि तात्यारावांची ओढाताण झाली, असे वनमालाबाईंनीच सांगितले.

वनमालाबाईंनी फ्रेम माझ्यासमोर ओट्यावर ठेवली आणि विचारले, "बाई, खरं सांगा. हे खिळे तुमी मारलेत का?"

मी नाही म्हणाले.

तात्याराव म्हणाले, "हिला काय इचारतीस? बी.ए. झाली म्हनून मेल्याला माणूस जिता करील का ही?" ते पुढे असेही म्हणाले की, बायकांना बाराखडी शिकवायची सोडून ही पोरगी त्यांना घरच्यांशी भांडायला शिकवते. माझ्या आईने त्यांना हात बांधायला धडपा दिला. तो त्यांनी घेतला.

त्या वेळी केशरबाई बोलल्या. त्या म्हणाल्या, "तात्याला बोलू नगा कुनी. खिळे म्या मारले. वरवंट्यानं मारले."

तात्यारावांनी आईकडे पाहिले. खिळे आईने मारले हे त्यांना तोवर माहीत नसावे, असे मला वाटले. हे माझे वाटणे आहे.

सून कामावर गेल्यावर आपण तिच्या खोलीतून फ्रेम आणली, पुढच्या खोलीत दक्षिणेच्या भिंतीला लावली, हार घातला आणि पुढे घास ठेवला, असे केशरबाईंनी सांगितले. वनमालाबाईंनी त्यांना विचारले, "आत्याबाई, मला इचारलं का न्हाय?"

केशरबाई म्हणाल्या, "तू व्हय म्हनली असतीस का? आज समद्यांच्या घरी गेल्याल्यांला घास घालत्यात. जिता असंल तर खाईल कुठं बी. मेला असंल तर त्याला कोन घालनार? किती वर्सं उपाशी ठिवू म्या त्याला?"

वनमालाबाई म्हणाल्या, "आन् जिते असले तर? आले आन् सोताच्या फोटूला हार बगितला, तर मालक दारातूनच माघारी जातील की, आत्याबाई."

केशरबाई खाली बसल्या. माझ्या आईने त्यांना तांब्यात पाणी नेऊन दिले. केशरबाईंनी आजवर आमच्या घरचे पाणी घेतलेले नव्हते. त्या ते प्याल्या. मग वनमालाबाईंनी त्यांना हाताला धरून उठवले आणि दोघी सोबत घरी गेल्या. फ्रेम माझ्याकडेच ठेवा, असे वनमालाबाई जाताना म्हणाल्या. दुसऱ्या दिवशी पोलीस येईपर्यंत ती आमच्या घरात होती. मी तिला हात लावलेला नाही. दोरासुद्धा काढलेला नाही.

हाताला काच लागल्याबद्दल तात्यारावांनी दिलेल्या फिर्यादीत, वनमालाबाईंनी स्वतः माझ्याकडून हाराचे खिळे मारून घेतले होते, म्हणजे पती गेल्याचे त्यांनी तेव्हाच मान्य केले होते आणि आता माझ्या सांगण्यावरून त्या सही नाकारत आहेत, असे लिहिल्याचे मला सांगण्यात आले. ते खरे नाही. सही करा किंवा करू नका, असे मी त्यांना कधीही सांगितलेले नाही.

फिर्याद दिल्यानंतर तात्याराव आमच्या घरी आले होते. माझे वडीलही त्या वेळी हजर होते. तात्याराव रागात नव्हते. ते म्हणाले की, अंबादास हयात नाही असा हुकूम कोर्टातून घ्यावा लागणार आहे, साक्षीदार लागतील आणि आई कोर्टात आली तर जगायची नाही. नंतर ते म्हणाले, "येवढंच सांग, पोरी, की वनमालेनं सांगितलं म्हनून खिळे मारले. यात कुनाचं वाईट न्हाय. विहिरीला पाणी लागलं की तुमच्या वस्तीला पयली मोट. बाबूरावासमोर शबूद देतो."

तात्याराव दिलेला शब्द पाळतात. हे मी मुद्दाम सांगते. आमच्या वस्तीतल्या बायका सध्या ओढ्यात झरे खणून वाटीने पाणी भरतात. माझी आई त्यांच्यातच असते. तात्याराव गेल्यावर मी वडिलांना काय करू असे विचारले. ते म्हणाले, "फ्रेम तू केलीस. मला काय इचारतीस?" आज ते माझ्यासोबत आले आहेत आणि बाहेर बाकावर बसले आहेत.

जप्त केलेली फ्रेम आज मला पंचांसमोर दाखवण्यात आली. ती मी दुरुस्त केलेलीच फ्रेम आहे. खिळे माझ्या हातचे नाहीत. खिळ्यांभोवती वर्ख तडकला आहे आणि चिरेत खडूचा पांढरा थर दिसतो. म्हणजे ते सगळे काम पूर्ण झाल्यावर मारलेले आहेत. डावा खिळा वाकला आहे. उजव्या खिळ्याजवळचे एक पान वरवंट्याने चेपले आहे.

अंबादास हयात आहेत की नाहीत, असे मला विचारण्यात आले. मला माहीत नाही. मी शिकलेली आहे, तेव्हा नऊ वर्षे खबर नसलेल्या माणसाबद्दल कायदा काय मानतो हे मी वाचले आहे. कायद्याने काय मानायचे ते कोर्ट ठरवील. वनमालाबाईंनी त्यांना गेलेले मानले आहे का, एवढेच मी सांगू शकते. त्यांनी मानलेले नाही. खिळे मारा असे त्यांनी मला कधी सांगितले नाही. केशरबाईंनीही हे कोणाला फसवण्यासाठी केले, असे मला वाटत नाही. त्यांच्यावर कोणतीही कारवाई होऊ नये, अशी माझी विनंती आहे. वनमालाबाईंचीही तीच विनंती आहे, ती त्यांनी माझ्यामार्फत कळवली आहे.

हा जबाब लिहून झाल्यावर हवालदारांनी तो मला मोठ्याने वाचून दाखवला. जिथे मी अंबादास म्हणाले होते तिथे सगळीकडे "मयत अंबादास" असे लिहिलेले होते. मी तसे सांगितले नाही, असे हवालदारांना म्हणाले. फिर्यादीत तसेच आहे आणि पुढच्या सर्व कागदांवर तसेच जाणार आहे, असे ते म्हणाले. मी म्हणाले, माझ्या जबाबात ते जाऊ नये. त्यांनी तो शब्द माझ्यासमोर प्रत्येक ठिकाणी खोडला आणि त्याऐवजी काय लिहू, असे विचारले. काही लिहू नका, नुसते नाव राहू द्या, असे मी सांगितले. प्रत्येक खोडलेल्या जागी मी सही केली आहे. बाकी जबाब मी सांगितला तसाच लिहिला आहे व तो बरोबर आहे.

सही
चंद्रप्रभा बाबूराव धावारे