नोव्हायहून आणलेलं कार्ड

एखादी डिस्क गेली तरी डेटा वाचावा, म्हणून टेक्सासमधल्या अर्विंगच्या आमच्या ऑफिसात सर्व्हरला रेड, म्हणजे अनेक डिस्कांची जोडणी, लावायचं होतं. माझी सहकारी, नागपूरची मृणाल म्हणाली, “सॉफ्टवेअर रेड करू. हार्डवेअर रेडमध्ये सगळा भार एका कार्डावर. ते कार्डच गेलं तर?”

मी हसलो. “कार्ड कधी जातं का, यार?” आणि हार्डवेअर रेडच लावलं.

आठ महिन्यांत कार्डच गेलं. डिस्क ठणठणीत, पण तसल्याच कार्डाशिवाय वाचता येईनात, आणि ते मॉडेल एव्हाना बंद झालेलं. बॅकअप? “रेड असताना कशाला?” हेही मीच म्हटलं होतं.

शेवटी मिशिगनमधल्या नोव्हायच्या एका काकांकडे तसलं कार्ड सापडलं. विमानाने जाऊन आणलं, डेटा परत आला. पण कार्ड देताना काका काय म्हणाले, ते मी मृणालला अजून सांगितलेलं नाही.

“घेऊन जा रे. मीही असाच हट्टी होतो. मग बायकोने सॉफ्टवेअर रेड लावलं.”