पळसानं रंगलेले हात

“हात स्वच्छ झाल्याशिवाय तिला वर्गात घेणार नाही!” मास्तर ओरडले. बोथ गावच्या शाळेतली ही गोष्ट. होळीसाठी पळसाची फुलं उकळून माझ्या नातीचे हात केशरी झाले होते.

“मास्तर, हा रंग चार दिवस निघत नाही. परवा तिची परीक्षा हाय!”

“आजी, शाळेतलं तुम्हाला काय कळतं?”

मी शाळेत गेले नाही, पण नातीच्याच पुस्तकांवर वाचायला शिकले. फळ्यावर मास्तरांच्याच अक्षरात धडा होता: ‘पळसाच्या फुलांपासून रंग तयार होतो.’ तो मी साऱ्या वर्गासमोर मोठ्यानं वाचला अन् म्हटलं, “मास्तर, तुमी शिकवलेलं एकाच पोरीनं करून पाह्यलं, अन् तिलेच काऊन बाहेर काढून राह्यले?”