सिलिकॉनच्या पळीची परीक्षा

सिलिकॉनची भांडी चांगली की वाईट, हे मला विचारू नका. माझाच गोंधळ झालाय.

लग्न होऊन फुलपाड्याहून गिरीजला आले, तेव्हा हौसेने पळी-उलथन्याचा सिलिकॉनचा सेट आणला. सासूबाई म्हणाल्या, "माल चांगला निघाला तर ओट्यावर, नाहीतर माळ्यावर."

मी उलथनं पिळून दाखवलं. "बघा आई, पांढरं पडलं तर भेसळ."

"नाही पडलं. आणि तापल्यावर?"

"कितीही तापू दे, काही होत नाही."

एवढं बोलून मी कोथिंबीर निवडायला बसले. वळून बघते तर आईंनी पळीत तेल-मोहरी घालून ती थेट गॅसवर धरलेली. फोडणीची लोखंडी पळी धरतात तश्शी! धूर झाला, वास सुटला आणि पळीची कड पांढरी होऊन झडली.

"पांढरी पडली गं. भेसळ!"

"आई, जळली ती!"

"जळली, पण वितळली कुठे? म्हणजे माल चांगलाय."

सेट ओट्यावर राहिला. संध्याकाळी आई शेजारच्या काकूंना सांगत होत्या, "सुनेने आणलेली पळी एकदम मस्त. फक्त गॅसवर धरायची नसते, एवढं शिकवलं मी तिला."