लाल गाडीची बाई

इंग्लंडमध्ये कॉव्हेंट्रीजवळ घरी जोडलेल्या जुन्या गाड्यांचा मेळावा होता. चहाच्या रांगेत माझ्यापुढे सत्तरीतली एक बाई आणि एक गाड्यांचा पेंटर उभे होते. बिल्ल्यांवर नावं होती, ग्लेनिस आणि डेस्मंड.

“ती लाल गाडी तुमची ना? फायबरची बॉडी कुणाकडून करून घेतलीत?” डेस्मंडने तिला विचारलं.

“मीच केली.”

“म्हणजे रंग दिलात.”

“रंग शेवटी हो. आधी दीड वर्ष भेगा घासल्या. नवरा गेला तेव्हा गाडी शेडमध्ये तडकून पडली होती. जावई म्हणाला, भंगारात द्या.”

“घासायचं कशाला? पुट्टी भरायची, वर रंग मारायचा. तीस वर्षं हेच करतोय मी.”

“आणि भेग परत कधी दिसते?”

“वर्षभरात.”

“दिसणारच! मुळापर्यंत घासायची, मग आतून काचतंतूंचे थर रेझिनमध्ये भिजवून चिकटवायचे. मी पहिला दरवाजा तीनदा बिघडवला, तेव्हा कळलं.”

“मला कुणी सांगितलंच नाही हे.”

“तुम्ही विचारलंत कुणाला?”

“नाही. खरं सांगू का बाई, माझ्याच गाडीचं बॉनेट तडकलंय. लाजेपायी आज आणली नाही.”

“शनिवारी घेऊन या.”

“दुरुस्त करून द्याल?”

“छे! शिकवेन. घासायचं तुम्ही.”