भरवणाऱ्या पेशी

बसा की, बाक काय माझ्या एकट्याचा नाही — वारा तेवढा सोसावा लागेल. दक्षिणेकडून, बर्फाच्या बाजूनं सुटला की या लोअर हट गावात भर उन्हाळ्यात स्वेटर लागतो, आणि मी सकाळचं ऊन बघून तसाच आलो. फोनवर मराठी बोलत होतात, म्हणून हाक मारली हो. आत वॉर्डात माझी बायको आहे, आनंदी. पक्षाघात. हातपाय सुधारतायत, बोलणं अडकलंय. मी शाळा पाहिलेली नाही, पण माझी नात इरा — तिनं मेंदूतली पेशी कागदावर काढून दाखवली. झाडासारख्या फांद्या, एक लांब शेपूट. शेपटीवरून निरोप धावतो, पुढे बारीकशी फट, ती ओलांडून दुसऱ्या पेशीत. आनंदीच्या बोलण्याच्या जागच्या पेशी गेल्या म्हणे. आणि दुसऱ्याही असतात — त्या निरोप नेत नाहीत, नुसत्या भरवतात, कचरा काढतात, शेपटीला पांघरूण घालतात. म्हटलं, इरा, हा तर मीच की! पेज भरवतो, तोंड पुसतो, शाल घालतो — आणि निरोप पोचतो कुणाचा? शेजारच्या जयवंतचा!

तो येतो, भजन धरतो, की ही कडवीच्या कडवी म्हणते. बोलता येत नाही नि गाता येतं, असं कसं? इरा म्हणते, गाण्याची वाट वेगळी, ती शाबूत आहे. असेल. पण काल ‘जयवंतभावजी’ म्हणाली, अगदी स्पष्ट! वाईट नाही हो तो, रोज सूप आणतो — सूपसुद्धा चांगलं असतं, हेच तर.

आज ती बोलणं शिकवणारी गोरी पोरगी आली. माझ्याकडे बोट करून विचारलं, हे कोण, नाव सांगा. इरानं मराठीत सांगितलं. मी म्हटलं, अगं म्हण ना, मधू — दोनच अक्षरं. तर तिनं मान खाली घातली, तोंडावर हात धरला. आणि जयवंत गालात हसतोय! उठलो नि बाहेर आलो. एवढ्या वर्षांचा संसार, आणि माझंच नाव तेवढं पुसलं?

आला तुमचा फोन? घ्या, घ्या, मी आत जातो. दारापर्यंत मागे आला होता जयवंत, काहीतरी बोलला, रागात डोक्यात शिरलंच नाही — आत्ता पोचतंय. म्हणाला, “मधूभाऊ, वहिनींनी जन्मात कधी तुमचं नाव नुसतं घेतलंय का? उखाण्यात विचारा त्यांना.”