फुनाबोरीची प्रोफेशनल टीम

जपानमध्ये रग्बी लीगचं भवितव्य काय, हे मला विचारू नका, तुमचा चहा गार होईल. इथे पंधरा जणांचं रग्बी जोरात चालतं. माझं लाडकं तेरा जणांचं, म्हणजे रग्बी लीग, त्याहून वेगवान, पण कुणाला पत्ताच नाही. मग मी ठरवलं, टोकियोतल्या आमच्या फुनाबोरीतच टीम उभी करायची आणि थेट प्रोफेशनल करायची. आमच्या बिल्डिंगखालचे लॉन्ड्रीवाले मोरी-सान म्हणाले, "रविवारी सराव बघतो. आवडला तर पैसे माझे."

रविवारी कशीबशी तेरा मराठी माणसं बागेत जमवली. गेटवर पाटी: बॉल खेळायला मनाई. आणि जपानमध्ये पाटी म्हणजे पाटी.

"बॉलशिवाय टॅकलचा सराव करू," मी म्हणाले. "एकाने घुसायचं, बाकीच्यांनी त्याला पाडायचं."

"एवढंच ना?" म्हणत संदीपदादाने मांडीवर थाप मारली आणि "कबड्डी, कबड्डी" करत घुसला. सुषमाकाकूंनी सूर मारून त्याचा घोटाच धरला.

"अहो काकू, हे रग्बी आहे!" मी ओरडले.

"थांब गं, आधी याला बाद तर करू दे!"

तेवढ्यात मोरी-सान टाळ्या वाजवत आले. "अप्रतिम! प्रोफेशनल टीम काढाच. पैसे मी देतो."

मला आकाश ठेंगणं झालं. मी बॅगेतून बॉल काढून अभिमानाने त्यांच्या हातात दिला.

मोरी-सानांनी तो उलटसुलट करून पाहिला. "इतका सुंदर खेळ आहे," ते म्हणाले, "त्यात हे कशाला घालता?"